चढ बंद, उतार चालू

कुंभारखोलात नेट गेलं की लोक आधी देवाचं नाव घेत आणि मग वृषाली नाचणकरला फोन लावत. देवाचं नाव अशासाठी, की वृषाली फोन उचलायची तीच मुळी तोफ डागत. "नेट गेलं? कुठे गेलं? जाताना काही बोललं का?" समोरचा गडबडला की मग ती शांतपणे विचारायची, "नेटचा डबा बंद करून परत चालू केलात का?" बहुतेकांनी केलेला नसायचा. केला की नेट यायचं आणि माणूस ओशाळून फोन ठेवायचा. एकदा तिने कुणाला तरी नुसतंच "बरं, बघते" म्हटलं, तर तो संध्याकाळी घरी आला, वहिनींना बरं नाही का विचारायला.

हे नेट तिच्या नवऱ्याचं. नवऱ्याचं नाव शैलेश, पण त्या नावाने हाक मारणारं आता कुणी उरलं नव्हतं. गाव त्याला नेटवाले म्हणे आणि वृषाली म्हणे 'नाचण्या'. रत्नागिरीच्या पॉलिटेक्निकमध्ये दोघं एका वर्गात होती, तेव्हापासून हेच. लग्नानंतर सासूबाईंनी समजावून पाहिलं, की बाई गं, निदान चारचौघांत तरी अहो म्हण. वृषालीने थोडे दिवस प्रयत्न केला आणि मग जाहीर करून टाकलं, "मला जमत नाही. अहो म्हटलं की दुसराच कुणीतरी वळून बघेल असं वाटतं." सासूबाई हसल्या आणि तो विषय तिथेच संपला.

गावामागच्या सड्यावर, म्हणजे डोंगरमाथ्यावरच्या सपाट कातळावर, नाचणकरचा मनोरा उभा होता. रत्नागिरीहून त्याला नेटचा ठरावीक वाटा मिळायचा आणि तो हवेतून घराघरात पोचवायचा, हा त्याचा धंदा. वाटा मोठा होता, पण अमर्याद नव्हता. मोकळं सोडलं तर चार घरं सगळं ओढून घेत आणि बाकीची कोरडी राहत. म्हणून त्याने प्रत्येक घराला मर्यादा घातली होती, येणाऱ्याला वेगळी आणि जाणाऱ्याला वेगळी. खालच्या वाडीतल्या एका आजोबांना अपलोड-डाउनलोड काही केल्या कळेना, तेव्हा वृषालीने सांगितलं, "मनोरा सड्यावर आहे ना? तुमच्याकडून वर जातं तो चढ, वरून तुमच्याकडे येतं तो उतार." गावाने हे शब्द उचलले. चढ अडकलाय, उतार जोरात आहे, असं लोक सर्रास बोलू लागले. उताराला नाचणकर सढळ असे, चढाला मात्र हात आखडता घेई. लोकांना घ्यायचं असतं फार आणि द्यायचं असतं थोडं, असा त्याचा इतक्या वर्षांचा अनुभव होता.

मग एका सकाळी फोनवर कुणाला तरी झापताना वृषालीची जीभ अडखळली. उजवा हात लुळा पडून फोन खाली गेला. मेंदूतली एक रक्तवाहिनी बंद झाली होती. चिपळूणच्या डॉक्टर ओझरकरांनी जीव वाचवला, पण वाचा गेली. तिला सगळं कळत होतं, मनात सगळं येत होतं, फक्त आलेल्या गोष्टीला शब्द सापडत नव्हता. लिहिणंही गेलं, कारण लिहायलाही शब्दच लागतो. मान हलवायला जावं तर हो आणि नाही यांची गल्लत व्हायची. घरातला फोन वाजायचा, नाचणकर तो उचलून हळू आवाजात दोन वाक्यं बोलायचा आणि ठेवून द्यायचा. त्या दिवसांत त्याला संध्याकाळी घरी परतायची भीती वाटे.

वर्षभराने ओझरकरांनीच ते यंत्र सुचवलं. साधं 'पाणी' म्हणायचं तरी ओठ, जीभ, गळा आणि श्वास यांचे कितीतरी स्नायू ठरलेल्या क्रमाने हलावे लागतात. तो क्रम लावणारा मेंदूचा तुकडा वृषालीच्या डोक्यात मेला होता, पण बोलायची इच्छा जिथे उठते तो भाग जिवंत होता. कवटीखाली केसाहून बारीक तारांची जाळी बसवली, ती त्या भागातली खळबळ टिपायची. कानामागे रुपयाएवढी चकती लोहचुंबकाने चिकटवलेली असे. ती चकती ही खळबळ घरातल्या डब्याकडे, डबा मनोऱ्याकडे आणि मनोरा कंपनीच्या दूरच्या संगणकाकडे पाठवायचा. संगणक इच्छा ओळखून वाक्य बांधायचा आणि कोणता स्नायू केव्हा हलवायचा याच्या सूचना परत धाडायचा. चकतीतून जाळीत आणि जाळीतून जिभेच्या, गळ्याच्या नसांत त्या सूचना उतरल्या की तोंड बोलू लागे. इच्छा चढाने जायची आणि वाक्य उताराने यायचं. तोंड तिचंच, आवाजही तिचाच.

त्या संगणकाला एक सोय जोडलेली होती. कंपनी तिला 'पूर्ती' म्हणे. चढाने आलेलं अपुरं असलं तर उरलेलं संगणक अंदाजाने भरायचा. फोनवर दोन अक्षरं टाइप केली की तो पुढचा शब्द सुचवतो, त्यातलाच हा प्रकार. लाखो माणसांचं बोलणं ऐकून तो शिकला होता. समोरचा काय बोलतो तेही चकती ऐकायची आणि त्याची अक्षरं करून वर पाठवायची. अक्षरांना चढ लागतो तो अगदी नगण्य. या पूर्तीबद्दल माहितीपुस्तिकेत शेवटच्या पानावर लिहिलं होतं, आणि शेवटचं पान आजवर कोणी वाचलंय?

चकती लावली त्या दिवशी वृषालीच्या ओठांची बराच वेळ नुसतीच धडपड झाली. मग आवाज आला, "ना...च...ण्या." नाचणकर खुर्चीत ताठ बसला. "मेल्या... फोन... वाज...तोय." फोन खरोखरच वाजत होता. नाचणकरने तो उचलला नाही. तो तिच्या मांडीवर डोकं ठेवून ढसाढसा रडला आणि वाजून वाजून फोन आपोआप बंद झाला.

त्यानंतर ती बोलायची ती असंच, दगडावरून दगडावर पाय टाकत ओढा ओलांडावा तसं. एका वाक्यात चहा गार व्हायचा. पण बोलायची ती सगळं तिचंच असायचं. तक्रारवाल्यांना पुन्हा "कु...ठे... गे...लं?" ऐकू येऊ लागलं आणि लोक हसून तिचं वाक्य पुरं होईपर्यंत थांबू लागले.

अशातच बागांत आंबा धरला आणि आंब्यामागून माकडं आली. बागायतदारांनी त्या साली झाडाझाडावर कॅमेरे लावले होते. कॅमेऱ्याने चित्र वर पाठवायचं, वरच्या संगणकाने माकड ओळखायचं आणि बागेतला भोंगा वाजवायचा. चित्रं पाठवायची म्हणजे सगळा भार चढावर. माकड फांदीवर दिसे आणि भोंगा वाजेपर्यंत ते आंबा खाऊन कोय टाकून गेलेलं असे. गावातले मोठे बागायतदार विजय साळवी रोज दारात येऊन उभे राहू लागले.

"काय नेटवाले, माकडांशी तुमचा करार झालाय काय?"

"सगळ्या घरांचा चढ कमी करतो," नाचणकर म्हणाला. "उरलेला बागांना. मग तर झालं?"

"सगळ्या म्हणजे तुमच्याही ना? न्हाय, विचारून ठेवलेलं बरं."

हे नाचणकरला झोंबलं. नेटवाल्याच्या घरी नेट जास्त, एवढं एक ऐकून घ्यायची त्याची तयारी नव्हती. त्याने लॅपटॉप उघडला आणि साळव्यांच्या देखत प्रत्येक घराचा चढ पार खाली आणला. स्वतःच्या घराचाही, सगळ्यांच्या बरोबरीने. वृषालीची चकती त्याच डब्यावर चालते हे त्याला ठाऊक होतं. पण फोनवर बोलायला कितीसा चढ लागतो? हिलाही तेवढाच लागेल, असं त्याने धरलं. इथे तो चुकला. बोललेलं वाक्य इवलंसं असतं. ते बोलण्याआधी माणसाच्या मनात जे उसळतं ते त्याच्या हजारपट मोठं असतं, आणि ते सगळंच्या सगळं वर जावं लागतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो स्वयंपाकघरात चहा गाळत होता.

"अहो, चहा झाला का?"

त्याने खरोखरच मागे वळून पाहिलं. दारात वृषाली उभी होती, डाव्या हाताने चौकट धरून.

"कोणाला म्हणालीस?"

"इथे दुसरं कोण आहे? तुम्हालाच की." वाक्य एका दमात, कुठे न अडखळता आलं होतं. "तुम्ही बसा, मी घेते कप."

नाचणकरच्या हातातलं गाळणं तसंच राहिलं. यंत्र आता रुळलं, असं त्याला वाटलं. डॉक्टर म्हणालेच होते, हळूहळू सुधारणा होईल. आणि त्या 'अहो'ने, खोटं कशाला बोला, त्याला गुदगुल्या झाल्या. लग्नानंतरचे ते थोडे दिवस सोडले तर उभ्या जन्मात त्याला कोणी अहो म्हटलं नव्हतं.

पुढचे दिवस त्याचे मजेत गेले. वृषाली सुरेख बोलत होती. फोन आला की म्हणायची, "हो का? फार त्रास झाला असेल ना तुम्हाला? यांना लगेच सांगते." लोकांना आधी चुकल्यासारखं झालं आणि मग आवडू लागलं. वहिनी किती गोड झाल्यात हो आजारपणात, असं बायका म्हणू लागल्या. जेवताना ती त्याला विचारायची, आज सड्यावर ऊन फार होतं का. भाजी चांगली झालीय, म्हणायची. भाजी त्याने केलेली असायची आणि तिच्यात मीठ नसायचं. पूर्वीची वृषाली अशा भाजीचं ताट सरकवून म्हणाली असती, नाचण्या, ही माकडांना घाल, बागेत पुन्हा यायची नाहीत.

फक्त तिचा डावा हात विचित्र वागू लागला होता.

एकदा तो हात वर झाला आणि भिंतीवरच्या डब्याकडे रोखला गेला. बोट ताठ होतं.

"काय गं?" नाचणकरने विचारलं.

"धूळ बसलीय हो डब्यावर. पुसायला हवी."

त्याने उठून फडक्याने डबा पुसला. बोट तसंच रोखलेलं होतं. त्याने पुन्हा पुसला. तेव्हा तिने तो हात इतक्या जोरात टेबलावर आपटला की वाटी उडून खाली पडली. "हात ऐकत नाही हो माझा," तिचं तोंड म्हणालं. डोळ्यांत मात्र पाणी होतं. असं होतं पक्षाघातात, हे त्याने वाचलेलं होतं. त्याने वाटी उचलली.

मग ती चकती ओढून काढू लागली. बोटं कानामागे जायची, चकती सुटायची आणि ती एकदम मुकी व्हायची, नुसती त्याच्याकडे बघत राहायची. तो घाईघाईने चकती परत लावायचा आणि तोंड लगेच म्हणायचं, "खाज येत होती. बरं झालं लावलीत." दिवसातून कितीदा तरी हे होऊ लागलं. रात्री चकती निघून पडली आणि हिला काही सांगायचं असलं तर? त्याने ओझरकरांना फोन लावून तो स्पीकरवर टाकला.

"सोपं आहे," डॉक्टर म्हणाले. "चकती कातडीखालीच बसवून टाकू, म्हणजे काढायचा प्रश्नच नाही. एकदा बसवली की मात्र कायमची. वृषालीताई, तुमची संमती लागेल. रेकॉर्ड करतोय."

"हो डॉक्टर, करून टाका," वृषालीचं तोंड हसून म्हणालं. "यांची धावपळ तरी वाचेल."

तिचा डावा हात फोनकडे झेपावला. नाचणकरने तो प्रेमाने धरून ठेवला. माणूस तोंडाचं ऐकतो, हाताचं कोण ऐकतो? ऑपरेशनची तारीख ठरली.

तारीख जवळ आली आणि साळवी पुन्हा दारात उभे राहिले. या वेळी खुर्ची दिली तरी बसले नाहीत.

"नेटवाले, राग मानू नका, पण लोक बोलायला लागलेत. माझ्या कॅमेऱ्याचं चित्र येत न्हाय, नुसतं चाक गोल गोल फिरतंय नि तुमच्या मनोऱ्याचा दिवा तुमच्या घराच्या बाजूला लुकलुकतोय तो थांबत न्हाय. तुमचाच चढ जास्त जातोय, असं आमचा भाचा सांगतो."

"आत्ता दाखवतो," नाचणकर तापला. साळवी गेल्यावर दाखवण्यात काय अर्थ, म्हणून त्याने तिथल्या तिथे लॅपटॉप उघडला आणि आपल्या घराचा आलेख पडद्यावर आणला. मर्यादा इतरांइतकीच होती. साळव्यांनी चष्मा लावून आकडा ताडून पाहिला, "मग बरोबर आहे, माफ करा," म्हणाले आणि गेले.

नाचणकर मात्र तसाच बसून राहिला. आकडा बरोबर होता, पण रेघ बरोबर नव्हती. बाकीच्या घरांच्या रेघा वर-खाली होत होत्या, कुणी फोटो पाठवला की उंचावत, मग पडत. त्याच्या घराची चढाची रेघ मर्यादेला चिकटून सरळ आडवी गेलेली होती. सकाळी वृषाली उठली त्या क्षणी रेघ छताला जाऊन भिडली होती आणि ती झोपेपर्यंत तिथेच होती. आधीच्या दिवशी तेच. त्याच्या आधीच्या दिवशीही. ज्या दिवशी त्याने चढ कमी केला, त्या दिवसापासून. फक्त झोपेत ती रेघ तळाला टेकत होती.

घरात एवढा चढ वापरणारी दुसरी वस्तू नव्हती. म्हणजे हे सगळं चकतीतून जात होतं, किंवा जाऊ बघत होतं. त्याने जुने दिवस काढून पाहिले. अडखळत बोलायची तेव्हा रेघ बोलण्यापुरती उठायची आणि खाली बसायची. आता ती गोड गोड बोलत होती आणि रेघ उतरायचं नाव घेत नव्हती. त्याने वेळा जुळवल्या. "भाजी चांगली झालीय" म्हणाली तेव्हाही रेघ छतालाच होती.

त्याने कपाटातून माहितीपुस्तिका काढून शेवटचं पान उघडलं. पूर्ती. चढ अपुरा पडला की उरलेलं संगणक अंदाजाने भरतो. हिच्याकडून थेंबभर पोचत होतं आणि बाकीचं संगणक भरत होता, अशा वयाची, अशा घरातली बाई नवऱ्याशी जे बोलेल ते. लाखो बायका अहो म्हणतात. आणि ती आत बसून ओरडत होती, सकाळपासून रात्रीपर्यंत. ओरडलेलं डब्याशीच अडत होतं आणि वरून उतरलेली वाक्यं तिच्याच जिभेवरून, तिच्याच आवाजात बाहेर पडत होती. तिने डबा दाखवला होता. पॉलिटेक्निकमध्ये त्याच्यापेक्षा तिला जास्त मार्क पडलेले होते, तिला पहिल्याच दिवशी कळलं असणार. त्याने डबा पुसला होता.

इथे वाचणाऱ्याला वाटेल, की त्याने ताडकन उठून मर्यादा काढली. त्याने काढली नाही.

तो आलेख फोनवर घेऊन तिच्यासमोर जाऊन बसला. "वृषाली, तुला काही सांगायचंय का?"

रेघ छताला होती. "मला काय सांगायचं असणार?" तोंड म्हणालं. "तुम्ही आहात ना."

ती फोनकडे बघत होती. पडदा तिला उलटा दिसत होता, पण रेघ उलटीही वाचता येते. मग तिने मान उचलून त्याच्याकडे पाहिलं. नाचणकरने फोन पालथा ठेवला आणि उठून गेला.

सगळ्यांचं गणित पुन्हा मांडावं लागेल, असं त्याने स्वतःला सांगितलं. साळवी बोंब मारतील. आंबा उतरेपर्यंत थांबू, एवढं काय बिघडतं? ही सगळी सोंगं होती आणि त्याला ते कळत होतं. त्या रेघेमागे काय साठलंय याची त्याला भीती वाटत होती. इतके दिवस कोंडलेली वृषाली एकदम बाहेर आली तर ती काय बोलेल? आणि दुसरी गोष्ट त्याहून वाईट होती. ही जी अहो म्हणत होती, दमलात का विचारत होती, ती त्याला हवीशी झाली होती. ती कुणीच नव्हती, लाखो बायकांची सरासरी होती, तरी हवीशी झाली होती. रात्री तिने पांघरूण नीट घ्या म्हटलं आणि तो बरं म्हणाला. दुसरा दिवसही असाच गेला.

ऑपरेशनच्या सकाळी गाडी दारात आली. नाचणकरने पिशवी भरली. कातडीखाली बसवली म्हणजे काय, नंतरही चढ वाढवता येईलच, असं तो मनाशी घोकत होता. वृषाली खिडकीशी बसली होती.

"चला ना, उशीर होतोय," तोंड म्हणालं. "डॉक्टर खोळंबतील."

"चल, ऊठ." त्याने तिला आधार दिला. ती उठेना. त्याने खाली पाहिलं. तिच्या डाव्या हाताने खिडकीचा गज धरला होता. बोटं पांढरी पडली होती.

"उठवा ना मला, अहो."

तो तिची बोटं सोडवू लागला. एक सोडवलं की दुसरं आवळायचं. "हळू हं, तुमचंच बोट दुखेल," तोंड काळजीने म्हणालं. डोळे त्याच्या डोळ्यांत रोखलेले होते आणि त्यांतून पाणी गालावर, गालावरून त्या हसऱ्या ओठांवर येत होतं. ओठ ओले झाले तरी हसतच होते. "पाण्याची बाटली घेतलीत का? आणि छत्री नको आता, उगाच ओझं—"

नाचणकरने तिचा हात सोडला. टेबलाशी जाऊन लॅपटॉप उघडला. एकेका घराचं गणित करत बसला नाही. साऱ्या गावाचा, साळव्यांच्या बागांसकट, चढ एका झटक्यात बंद केला आणि सगळाच्या सगळा आपल्या घराला दिला.

रेघ उसळली. छत उरलंच नव्हतं, तरी ती वर वर जात राहिली. वृषालीचं तोंड वाक्याच्या मध्येच थांबलं. हसू चेहऱ्यावरून गळून पडलं.

"ना...च...ण्या."

"बोल," तो तिच्या पायाशी बसला. "बोल गं, शिव्या दे. वाटेल ते बोल."

"तु...ला... कळ...लं होतं."

घरातला फोन वाजू लागला. गावाचा चढ गेल्याचं गावाला कळलं होतं.

"हो," तो म्हणाला.

"पर...वा."

"हो. परवा कळलं."

तिने श्वास घेतला. पुढचं वाक्य येईपर्यंत फोन थांबला आणि पुन्हा वाजू लागला.

"तुला... ती... आव...डली."

ती विचारत नव्हती, सांगत होती. आतून तिने रोज त्याचा चेहरा पाहिला होता. अहो ऐकताना, भाजीचं कौतुक ऐकताना, पांघरुणात बरं म्हणताना.

"आवडली," तो म्हणाला. "मला माफ कर. मी आत्ता ओझरकरांना कळवतो, ऑपरेशन नको. कधीच नको." त्याने तिच्यासमोरच डॉक्टरांना फोन लावून तसं सांगितलं आणि दारातली गाडी परत पाठवली. आत आला तेव्हा तिने गज सोडला होता. हात मांडीवर पडलेला होता आणि ती बाहेर सड्याकडे बघत होती.

"वृषाली?"

"असू दे हो," ती म्हणाली. आवाज मऊ होता, कुठेही अडखळला नव्हता. "माणसाकडून चूक व्हायचीच. मनाला लावून घेऊ नका. चहा टाकू का?"

नाचणकरने पडद्याकडे पाहिलं. चढ आता मोकळा होता, सबंध गावाचा चढ तिच्या एकटीसाठी उघडा होता. आणि रेघ तळाला टेकली होती, ती झोपलेली असताना टेकायची तशी. पण ती जागी होती. डोळे उघडे होते, सड्याकडे लागलेले होते. तिला जे सांगायचं होतं ते सांगून झालं होतं. आता ती काहीच पाठवत नव्हती, आणि इतके दिवस तिच्या जागी बोलायची सवय झालेली पूर्ती ती रिकामी जागाही भरत होती.

"असे गप्प का?" तोंड म्हणालं. "दमलात तुम्ही. बसा जरा."

तो तिच्याजवळ गेला. त्याचा हात तिच्या कानामागे गेला.

"राहू दे ना, पडली नाहीये ती. मला तुमच्याशी अजून—"

त्याने चकती काढली. तोंड पुढच्या शब्दासाठी उघडं राहिलं होतं. वृषालीने डावा हात उचलला, हनुवटीखाली धरला आणि आपलं तोंड सावकाश मिटलं. मग तोच हात त्याच्यापुढे पसरला. नाचणकरने चकती तिच्या तळव्यावर ठेवली आणि तिने मूठ आवळून ती मांडीवर ठेवली.

फोन वाजून वाजून थांबला. थोड्या वेळाने त्याची नजर पडद्याकडे गेली. चढाच्या रेघेला काही हालचाल नव्हती. उताराची मात्र चालू होती. बारीक, नियमित, मध्ये थोडं थांबून पुन्हा, कुणीतरी कुणाशी आपलेपणाने बोलत असावं तशी. वरून शब्द येतच होते आणि तिच्या मिटलेल्या मुठीत उतरत होते.